सत्तेचाळीस उंबरे

पहिला माणूस पडला तेव्हा वैजयंता आवळे खारे शेंगदाणे खात होती. पुढं चौकशी आयोगासमोरही तिनं हे असंच सांगितलं, शेंगदाण्यांसकट. करवडीच्या मैदानात पश्चिमेकडच्या पायऱ्यांच्या माथ्यावर पत्र्याची ध्वनिखोली उभारली होती. आत ती एकटी, समोर चोवीस कॅमेऱ्यांचे चोवीस पडदे, कानाला हेडफोन. खाली कलत्या दुपारी बारा हजार माणसं लेझीम खेळत होती. तीन नंबरच्या पडद्यावर एक ठेंगणा गृहस्थ रांगेत मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि त्याच्या चारी बाजूंच्या चौघांनी एकाच क्षणी, एकाच कोनात, हातातली लेझीम त्याच्या डोक्यात घातली. मग चौघं सरळ झाले, पाऊल टाकलं, गिरकी घेतली. चार सेकंदांनी परत घातली.

वैजयंताला वाटलं, हा कवायतीचाच भाग असणार. हसू नका. तीन महिने रोज तेच ते बघणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार? तिसऱ्या घावाला त्या गृहस्थाच्या टाळूतून जे बाहेर आलं ते बघून तिच्या हातातले दाणे सांडले.

आता हे घडलं कसं, ते आधी सांगायला हवं.

त्या काळात आपल्याकडं एकठेका नावाची चळवळ जोरात होती. तिचा जाहीरनामा नव्हता, भाषणं नव्हती. दर रविवारी सकाळी मैदानावर यायचं आणि लेझीम खेळायची, बस्स. म्हणणं एवढंच, की देश म्हणजे एक देह. हात कधी पायाशी भांडतो का? मग माणसानं माणसाशी का भांडावं? सगळ्यांचा ठेका एक झाला की भांडणच मिटलं. आणि जो ठेका सोडेल तो फुटीर. ऐकायला किती गोड! फुटिराचं पुढं काय करायचं, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

ठेका एक करायला त्यांच्याकडं यंत्र होतं. कानाच्या मागं चिकटवायची बोटभर लांबीची पट्टी, तिच्यावर मोहरीएवढा हिरवा दिवा. लोक तिला कानपट्टी म्हणत. आपल्या कानात, ऐकण्याच्या इंद्रियाला खेटूनच, तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. कानामागच्या हाडावरून अगदी मंद वीज सोडली की त्याला वाटतं, आपण डावीकडं कललो. शरीर आपसूक सावरतं. ही वीज ठोक्याठोक्याला डावी-उजवी केली की पाय त्या ठोक्यावर पडायला लागतात, ठरवावं लागत नाही. शोध लागला होता कंपवाताच्या रुग्णांसाठी. पाय जमिनीला खिळलेली म्हातारी माणसं ही पट्टी लावून झपझप चालायला लागली, तेव्हा लोकांनी डॉक्टरांचे पाय धरले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

कारण मेंदूची एक खोड आहे. तो ठेका नुसता ऐकत नाही, पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधतो. ठोका वेळेवर आला की आतला तपासनीस म्हणतो, बरोबर. शंभरदा बरोबर आलं की तपासनीस पेंगतो. हजारदा आलं की झोपतोच. मग शरीर जे करत असेल ते करत राहतं. हे आपण का करतोय, असं विचारणारं आत कुणी जागं नसतं. पण एखादा ठोका चुकला, की तपासनीस दचकून उठतो. विज्ञान इतकंच. ते ज्याला खरं कळलं होतं तो माणूस चौथी नापास होता.

त्याचं नाव धोंडीराम आवळे. वैजयंताचा बाप. पंचक्रोशीत हलगी वाजवावी तर धोंडीमामानंच. त्याच्या हलगीवर तालमीतल्या पैलवानांचे पाय थिरकायचे. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्याला कंपवातानं गाठलं. हात थरथरायचे, पण कानपट्टी लावली की चालायचा आणि वाजवायचाही. त्याचा धाकटा लेक रणजित चळवळीत शिरला, चाळिसाव्या रांगेचा म्होरक्या झाला आणि बापालाही घेऊन गेला. करवडीच्या मोठ्या कार्यक्रमाआधी तीन महिने रोजच्या सरावाला धोंडीमामा स्वतः वाजवायचा. त्याच्या हलगीचा ठोका तारेनं यंत्रात, यंत्रातून बारा हजार कानांत.

आणि वैजयंता पुण्याहून आली ती यशोधन कारखानीस यांच्या माहितीपटासाठी, ध्वनिसंपादक म्हणून. कारखानीस हे मोठं प्रस्थ. चळवळ त्यांना बिलकूल पसंत नव्हती. "विचारसरणी पुस्तकात शोधू नका," ते म्हणायचे, "ती पायांत असते. आपण बाजू घ्यायची नाही, फक्त बघायचं." पण बघता बघता त्यांनी किती गोष्टी सुचवल्या! लेझमीचा लाकडी दांडा कॅमेऱ्यात मरगळलेला दिसतो, म्हणून स्टीलची नळी आली. सूर्य पश्चिमेला कलल्यावर ती छान चमकते, म्हणून दुपारची वेळ ठरली. आणि म्हाताऱ्याचा हात ऐन वेळी दगा देईल, म्हणून त्याचं वादन आधीच ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. सहासष्ट मिनिटं, एका बैठकीत. साफसूफ करून द्यायची जबाबदारी अर्थात वैजयंताची.

संगणकावर ते वादन लावून ती बसली. मध्येमध्ये ठोका गायब. आठ ठोक्यांची वीस आवर्तनं सुरळीत जायची आणि एकविसाव्याचा आठवा ठोका रिकामा. तिनं मोजले, सत्तेचाळीस ठिकाणी. आबाचा हात आखडतो, दुसरं काय? उद्या हे बारा हजार माणसांत वाजणार, चित्रपटात जाणार, आणि जग म्हणणार, म्हातारा चुकतो. तिला ते सोसवेना. तिनं दुसरीकडचे चांगले ठोके उचलले आणि सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जागा भरून काढल्या, इतक्या सफाईनं, की तिचं तिलाही ओळखता येऊ नये. बापाला सांगितलं नाही. उगाच वाईट वाटेल म्हातारबाला.

कार्यक्रमाच्या दिवशी ते भरलेलं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा वाजलं.

पहिला अर्धा तास दृष्ट लागावी असा गेला. वरच्या ड्रोनमधून बारा हजार माणसांचा मिळून एक आडवा देह दिसत होता, श्वास घेतल्यासारखा फुगणारा आणि आकसणारा. कारखानीस खालून कानात ओरडत होते, "वैजू, हे जगात कुणी टिपलेलं नाही!" मग 'छाटणी' सुरू झाली. गवताचे पाचशे पुतळे रांगांमध्ये आणून उभे केले. हेच फुटीर. दर आठव्या ठोक्याला त्यांच्यावर वार. सरावात लाकडी दांड्यांनी पुतळे शेवटपर्यंत टिकायचे. स्टीलच्या नळ्यांनी सहा मिनिटांत त्यांचा भुसा झाला. वार करायचे हात मात्र दर चार सेकंदांनी उठतच होते. ते कशावर तरी पडायला हवे होते.

तेव्हाच तो गृहस्थ नाडी बांधायला वाकला.

मग एकेक करत सगळीकडं तेच. कुणाची पट्टी घामानं सुटली, कुणी धापा टाकत थांबलं, कुणी शेजाऱ्याचं रक्त बघून किंचाळलं, की चहूबाजूंनी नळ्या. शिवी नाही, आरोळी नाही, चेहऱ्यावर राग नाही. आठव्या ठोक्याला हाड मोडल्याचा आवाज, आणि मग पुन्हा पाऊल, गिरकी, छमछम. फाटकावरचे दोन हवालदार लाठ्या घेऊन आत धावले. ते काही ठेक्यात धावत नव्हते. दहा पावलांत दोघंही आडवे झाले. प्रेक्षक पायऱ्यांवरून एकमेकांना तुडवत पळत सुटले. एक बाई नवऱ्याच्या नावानं हाका मारत मैदानात उतरली. तिच्यावर पहिला वार तिच्या नवऱ्यानंच केला.

ध्वनिखोलीचं दार धाडकन उघडलं. धोंडीमामा! पाहुण्यांसाठी बांधलेला फेटा सुटून गळ्यात आला होता. भिंत धरून, पाय ओढत तो आत आला.

"वैजे! उंबरं कुठं गेलं?"

"काय?"

"उंबरं! माजं उंबरं! एकविसावी फेरी सरता सरता हात थांबवायचा, एक ठोका सोडून द्यायचा. त्यो कुठं हाय?"

"आबा, ते... ते मी भरले. तुमचा हात चुकतोय असं वाटलं मला."

म्हाताऱ्यानं आपला हात तिच्यासमोर धरला. "हात चुकत न्हवता, पोरी. हात मी थांबवत हुतो."

खाली आठवा ठोका पडला. दोघांनीही मान फिरवली नाही.

"जत्रंत हलगी वाजती, लोकांच्या अंगात येतं, हातात कोयतं असत्यात," तो घाईघाईनं म्हणाला. "माज्या आज्यानं एका भावानं दुसऱ्याला तोडलेला बघितला. म्हणून आमच्या घरात उंबरा ठेवायची रीत पडली. दारातनं जाताना मानूस उंबऱ्यापाशी खाली बघतो का न्हाई? तसं. ठोका आला न्हाई की मानूस दचकतो, म्हनतो, अरं, काय करतोय मी?"

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"पोरीला कशाला सांगायचं," धोंडीमामा म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलं माजं."

सरावात कुणाला काही का झालं नव्हतं, ते आता तिला कळलं. म्हातारा स्वतः वाजवायचा आणि दर चौऱ्याऐंशी सेकंदांनी बारा हजार माणसांना जागं करायचा, कुणाच्याही नकळत. आणि तिनं बापाची लाज राखायला ते सत्तेचाळीस दरवाजे लिंपून टाकले होते.

"बंदच करते सगळं," ती बटणाकडं वळली.

"एकदम बंद नगं! इसरलीस?"

विसरली नव्हती. सरावात एकदा वीज गेली आणि चाळीस माणसं तोंडावर आपटली. तोल सांभाळणारं इंद्रियच एकदम वाऱ्यावर सोडलं, तर दुसरं काय होणार? इथं तर बारा हजार होती, हातात लोखंड घेतलेली, खेटून उभी. निम्मी चेंगरून मेली असती. ठोका एकच गाळायला हवा होता. पुढचा बरोब्बर वेळेवर यायला हवा, म्हणजे पाय सावरतात.

"उंबरा कुठं यायचा ते ठावं हाय तुला?"

"भरलेल्या जागा माहीत आहेत मला. पुढची दीड मिनिटानं आहे."

"मग त्योच. रणज्या तितं हाय, चाळिसाव्या रांगंत. मी तिकडं जातो, हलगी वाजवत. त्यांच्याच ठेक्यात वाजवतो, मंजी कोन मारणार न्हाई. तू पडद्यावर माज्या हाताकडं बघ. मी हात थांबवला की तू थांबव. दोगं मिळून सोडू."

"आबा, जाऊ नका. पट्टीशिवाय तुम्हाला चार पावलं टाकता येत नाहीत."

धोंडीमामाच्या कानामागं सोललेल्या कातड्याचा लाल चट्टा होता. पट्टी त्यानं उपटून टाकली होती, कारण ती त्यालाही मैदानाकडं ओढायला लागली होती. त्यानं कोपऱ्यातली हलगी छातीशी धरली.

"हलगी हाय की चालवायला," तो म्हणाला.

आणि खरंच, पहिला ठोका पडला तशी त्याची पावलं उचलली. हलगी शेकायला विस्तव नव्हता, वेळ नव्हता. थंड कातडं बद्द वाजत होतं. तसाच वाजवत तो पायऱ्या उतरला.

सात नंबरच्या पडद्यावर वैजयंतानं त्याला धरून ठेवलं. गुडघ्यात वाकलेला म्हातारा त्या लखलखत्या नळ्यांमधून चालला होता. आठव्या ठोक्याला डावीउजवीकडं वार पडत होते आणि त्याला एकही लागत नव्हता. तो त्यांच्या ठेक्यात होता. पायाखालची माणसं ओलांडत होता, पण ठेका सोडत नव्हता. पंचविसावी रांग. तिसावी.

"ताई, ठेक्याला हात लावायचा नाही."

मागं जालिंदर खराडे उभा होता, चळवळीचा ठेकाप्रमुख. एरवी अगदी सालस माणूस, रोज तिला चहा आणून द्यायचा. त्याच्या कानामागं हिरवा दिवा होता, पाय ठोक्यावर हलत होता आणि हातात मायक्रोफोनचा लोखंडी स्टँड होता.

"खराडेभाऊ, बघा जरा खाली! माणसं मरताहेत!"

"सगळं बरोबर चाललंय," तो म्हणाला आणि आठव्या ठोक्याला स्टँड खाली आला. वैजयंताचा डावा हात टेबलावर होता. मधली दोन बोटं मोडल्याचं तिनं स्वतःच्या हेडफोनमध्ये ऐकलं.

दुखणं कळायला सात ठोके मध्ये होते. सातव्याला ती खुर्चीसकट बाजूला झाली. स्टँड खुर्चीच्या पाठीवर बसला. पुन्हा सात ठोके. तिला कळलं, हा माणूस आठव्यालाच मारणार, आधी नाही, नंतर नाही. दर आठव्याला ती सरकत राहिली. एकदा चुकली आणि कपाळ फुटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. कानात कारखानीस ओरडत होते, "वैजू, काही झालं तरी आवाज तोडू नकोस! सगळं वाया जाईल!" तिनं त्यांना अशी शिवी हासडली, की ती ध्वनिमुद्रणात अजून ऐकू येते.

विसावं आवर्तन. पडद्यावर धोंडीमामा चाळिसाव्या रांगेत पोहोचला. समोर रणजित, पाठमोरा. म्हातारा लेकाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि वाजवत राहिला. एकविसावं आवर्तन. तिनं उजवा हात बटणावर ठेवला. खराडेचा स्टँड तिच्या डोक्यावर उचललेला होता. या वेळी ती सरकली नाही. पाच. सहा. सात. धोंडीमामाचा हात वर गेला आणि वरच थांबला.

वैजयंतानं बटण दाबलं.

अर्धा सेकंद. तेवढ्यात काय होतं? पापणी लवते. पण बारा हजार लेझमी हवेतच राहिल्या. खराडेचा स्टँड तिच्या टाळूपासून वीतभर अंतरावर थांबला. तिच्या हेडफोनमध्ये, मैदानातल्या साठ मायक्रोफोनमधून, नुसती शांतता आली. आणि त्या शांततेत कुठंतरी एकच आवाज झाला. खण्ण. एकाच लेझमीचा.

तिनं बटण सोडलं. पुढचा ठोका वेळेवर पडला. पाय सावरले. माणसं जागी झाली. आपल्या हातातलं लोखंड, त्यावर चिकटलेले केस, पायाशी पडलेला शेजारी, हे बघायला त्यांना एखाददुसरा क्षण लागला. मग मैदानातून जो हंबरडा उठला तो वैजयंताला मरेपर्यंत पुरेल. खराडे स्टँड टाकून मटकन खाली बसला आणि ओकायला लागला. हळूहळू आवाज उतरवत तिनं ठेका बंद केला. मग तिनं सात नंबरच्या पडद्याकडं पाहिलं. चाळिसाव्या रांगेत आबा पडला होता. हलगी त्याच्या अंगाखाली होती, आणि रणजित त्याच्यावर ओणवा होऊन ओरडत होता.

त्रेचाळीस माणसं गेली. धोंडीमामा त्रेचाळिसावा.

चौकशी सुरू झाली. आयोगाचं पहिलं म्हणणं सरळ होतं. मैदानातल्या माणसांना शुद्ध नव्हती, ती ठेक्याच्या अमलाखाली होती, सबब कुणीही दोषी नाही. चळवळीचे पुढारी म्हणाले, आमचा विचार शांततेचा आहे, बिघाड यंत्रात होता. यंत्रवाले म्हणाले, यंत्र ठणठणीत होतं, बिघाड ध्वनिमुद्रणात होता. आणि ध्वनिमुद्रणात ठोके कुणी भरले? वैजयंता आवळे यांनी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं, तर वैजयंता संन्याशीण नव्हती, आणि ती स्वतः तसं म्हणालीही नाही. "मी भरले," एवढंच ती म्हणाली. लोक तिच्या दारावर दगड मारून गेले. रणजितला मात्र सगळे सांभाळून घेत होते. बाप गेलेला पोर बिचारा.

तिला झोपेत तो आवाज यायचा. खण्ण. आयोगाच्या प्राथमिक अहवालात लिहिलं होतं, कुणाची तरी लेझीम हातातून निसटली. पण लेझीम निसटली तर साखळी छमछमते. हा आवाज तसा नव्हता. साठ मायक्रोफोनमध्ये तो किती मोठा, किती उशिरा आला, हे मांडून जागा काढता येते. ध्वनीचं काम करणाऱ्याला ते अवघड नाही. तिनं आठ दिवस ते टाळलं. नवव्या दिवशी सकाळी बसली आणि अकराच्या सुमाराला जागा सापडली. चाळिसावी रांग. तिनं सात नंबरच्या कॅमेऱ्याचं चित्र काढलं आणि मोठं केलं.

रणजितच्या कानामागचा दिवा विझलेला होता.

ती मागं मागं गेली. अकरा मिनिटं आधी दिवा दोनदा लुकलुकला होता आणि गेला होता. त्यानंतरची अकरा मिनिटं तिचा भाऊ शुद्धीत नाचला होता. शुद्धीत गिरक्या घेतल्या होत्या, आणि दर आठव्या ठोक्याला, शेजाऱ्यांकडं तिरक्या डोळ्यांनी बघत, हात खाली आणला होता.

तिनं त्याला बोलावून घेतलं. पडद्यावर सगळं दाखवलं. त्यानं विझलेल्या दिव्यावर बोट ठेवलं.

"पट्टी गेलेली कळली मला," तो म्हणाला. "शेजारचा जगताप थांबला आनि त्याची कवटी फुटली माज्या डोळ्यांदेखत. मग मी मोजायला लागलो. एक ते आठ. दुसरं काय दिसतच न्हवतं, वैजे. नुसतं मोजत हुतो."

"आबा समोर उभे होते तुझ्या."

"आबानं हात थांबवला. सगळे बगनार, आता सगळे आमच्याकडं वळनार, असं वाटलं. आठवा ठोका आला न्हाई हे मला कळलंच न्हाई. मी माजा मोजला हुता." त्यानं पडद्याकडं पाठ केली. "सगळे थांबले आनि मी एकटाच..."

वैजयंता रडत होती. त्याला मिठी मारावी आणि त्याच्या थोबाडीत द्यावी, दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

"पाच वाजता ही चित्रं आयोगाकडं जाणार," ती म्हणाली. "कारखानीसांनी सगळं मूळ साहित्य द्यायचं कबूल केलंय."

"मग दिवा हिरवा कर. मोहरीएवढा तर हाय. आनि त्यो आवाज पुसून टाक."

"रणज्या."

"तवा सत्तेचाळीस भरलेस की! आबासाठी भरलेस! आता एक माज्यासाठी भर!" तो एकदम अंगावर आला. तिचा मोडका हात त्यानं मनगटात धरला आणि पिरगाळला. दुसऱ्या हातानं टेबलावरचा पितळी पेपरवेट उचलला. "न्हाईतर सगळं फोडून टाकतो हितलं. तुलाबी."

धक्क्यानं टेबलावरची कळ दाबली गेली आणि आवाज सुरू झाला. धोंडीमामाची हलगी. मूळ ध्वनिमुद्रण, काहीही न भरलेलं. खोलीत ती खणखणीत वाजायला लागली. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ती नीट शेकली होती, पाचटाच्या जाळावर, रणजितनंच जाळ केला होता. भावाबहिणीला ते एकदमच आठवलं असावं. पण त्याची पकड सुटली नाही. पेपरवेट वर गेला. हलगी पाच म्हणाली, सहा म्हणाली, सात म्हणाली.

आणि आठवा ठोका आला नाही.

रणजितच्या कानामागं पट्टी नव्हती, वीज नव्हती, काही नव्हतं. तरी तो दचकला. लहानपणापासून ऐकलेली बापाची हलगी होती ती. त्यानं वर उचललेल्या आपल्या हाताकडं पाहिलं. मग बहिणीच्या हाताकडं, ज्यातल्या दोन बोटांच्या खपल्या फुटून रक्त येत होतं.

हलगी पुढं वाजत राहिली. त्यानं पेपरवेट टेबलावर ठेवला, सावकाश, आवाज होणार नाही असा. तिचा हात सोडला आणि भिंतीला टेकून खाली बसला. तोंडात शर्टाची बाही कोंबून तो रडला.

वैजयंतानं डोळे पुसले आणि पडद्यासमोर बसली. चाळिसावी रांग, विझलेला दिवा. बोट कळीवर ठेवून ती म्हणाली, "तूच सांग. भरू?"

हलगीची आणखी एकवीस आवर्तनं झाली, आणखी एक ठोका रिकामा गेला.

"नगं," रणजित म्हणाला. "ऱ्हाऊ दे तसंच."